रडतराऊत म्हणजे नेमका कोण?

'नकारात्मक विचार करणाऱ्याला रडतराऊत म्हणावं' असं काही जण सुचवतात, पण अर्थ त्याहून नेमका आहे. राऊत म्हणजे घोडेस्वार. संस्कृत राजपुत्र, प्राकृत राउत्त, मग राऊत. इथे आडनावाशी काही संबंध नाही. साताऱ्याच्या गादीच्या मुलखात शिलेदार-बारगीर हे घोडेस्वार सगळ्यांना ठाऊक. तसा हाही स्वारच. 'रडतराऊत घोड्यावर' ही म्हण त्यातलीच. तो मोहिमेवर निघतो, फक्त रडत निघतो. काम टाळणारा माणूस हा नव्हे.

तासगावच्या द्राक्षबागेत बघा. 'पाऊस येणार, घड कुजणार' असं कुरकुरत जो ऑक्टोबर छाटणी करतोच, तो रडतराऊत. 'छाटणीच नको' म्हणतो त्याची नकारघंटा. आणि पावसाचा अंदाज पाहून डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी आधीच फवारणी करणारा यांपैकी कुणीच नाही, तो सावध शेतकरी. त्याला या शब्दांत ओढणं मला अन्यायाचं वाटतं.

निराशावादी हा शब्द विचारसरणीसाठी राखावा. रोजच्या कुरकुरीला तो फार जड होतो.

लिहिताना रडतराऊत जोडूनच लिहा. तोडला की 'रडणारे कुणी राऊत' असा भलताच अर्थ निघतो.