देशाचं दुखणं: कुठे उघडं, कुठे झाकलेलं?

आपल्याच देशाने केलेला किंवा सोसलेला अन्याय तिथली माणसं कशी जपतात, कशी झाकतात? वाचलेलं नको, पाहिलेलं-ऐकलेलं लिहा. सुरुवात मी करते, पुढे तुमची उत्तरं.

बर्लिनमध्ये आमच्या दारासमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढा पितळी चौकोन होता. महिनाभर मी त्यावरून ये-जा केली. एकदा किल्ली पडली, उचलायला वाकले, तेव्हा वाचलं: इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, १९४२ मध्ये हद्दपार, ऑश्विट्झ या नाझी मृत्युछावणीत हत्या. म्हणजे ती याच जिन्याने उतरली असणार! याला श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागणारा दगड. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९०च्या दशकात ते बसवायला घेतले. आज युरोपभर लाखाच्या वर आहेत. ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्यूंच्या घरा-दुकानांवर हल्ले झाले त्या दिवशी, शेजारच्या बाई गुडघे टेकून जुन्या मोज्याने तो घासत होत्या. मीही फडकं घेऊन खाली बसले.

*

म्युनिकमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू देत नाहीत. मला आधी रागच आला होता. पण विरोध करणाऱ्यांत शार्लोट क्नोब्लोख होत्या, तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष, स्वतः त्या काळातून वाचलेल्या. ज्यांना तुडवलं त्यांच्या नावांवर पुन्हा पाय नकोत, हे त्यांचं म्हणणं. तिथे आता भिंतीवर पाट्या लावतात, डोळ्यांच्या उंचीवर. पाटीसमोर उभा राहिलो आणि राग गेला.

*

जोहान्सबर्गचं अपार्थाइड म्युझियम, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचं. तिकिटावर 'गोरे' किंवा 'गोरेतर' छापून येतं, दारं वेगळी. माझी लेक दुसऱ्या दारात गेली. खेळ नाही हे कळायला तिला दोन मिनिटं लागली, मला तेवढीही नाही.

*

माद्रिदला ज्या आजींकडे राहायचे, त्यांच्या वडिलांना १९३६ मध्ये, यादवी युद्ध पेटलं तेव्हा, रात्री घरातून नेलं, ते परत आले नाहीत. घरात त्यांचं नाव काढायची चोरी. हुकूमशहा फ्रँको गेल्यावर १९७७च्या माफीच्या कायद्याने राजकीय गुन्ह्यांचे खटलेच मिटवले. लोकशाही टिकायला ते गरजेचं होतं असं पुष्कळ जण म्हणतात. आजींना वडील कुठे पुरलेत तेवढंच हवं होतं. अशांचा शोध ही सरकारची जबाबदारी, हे २०२२च्या कायद्याने मानलं. तोवर आजी नव्वदीला टेकल्या होत्या. डीएनएसाठी लाळेचा नमुना त्यांनी दिलाय. हल्ली फोन वाजला की आधी टीव्हीचा आवाज बंद करतात.