मदत हवी आहे: टेरीचा (लूपवाल्या टॉवेल कापडाचा) न कापलेला ताका, कस्टम्सचा एचएस कोड ५८०२ की ६३०२?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. पहिल्यांदाच न कापलेला ताका निर्यातीला चाललाय. पन्हा ६० इंच, दर नॅपकिननंतर बोटभर पट्टी बिनलूपची. गिऱ्हाईक तिकडे कापून कडा शिवणार. धागा जाळून पाहिला: जळक्या कागदाचा वास, राख भुरभुरीत, गाठ नाही. म्हणजे पॉलिस्टर नाही, सुती असावा (व्हिस्कोसही असाच जळतो).

कस्टम्स एजंट म्हणतो, नॅपकिनच हे, ६३०२, म्हणजे तयार टॉवेल-चादरींचा कोड लावा. मला ५८०२, म्हणजे टेरी कापड वाटतं. कस्टम्स टॅरिफमधल्या विभाग ११ (कापड) ची टीप ७ वाचली. नुसते दुभाजक धागे कापून वापरता येतो तो माल तयार धरतात. पण आमचा कापल्यावर शिवला नाही तर कड उसवतेच! मग ‘तयार’ कसा?

असा ताका कुणी पाठवलाय का? शिपिंग बिलावर (निर्यातीच्या कस्टम्स कागदावर) कोणता कोड चालला?