मदत हवी आहे : मुलं स्वतःहून अभ्यास करायला शिकतच नाहीत

शाईचा_डाग
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते, सोमवारच्या आत काहीतरी ठरवायचं आहे. गेले चार आठवडे मी मुलांना स्वतः अभ्यास करायला लावतेय. धडा वाचून या, टिपणं काढून या, अडलेलं विचारा, असं सांगते. टिपणं म्हणजे धड्यातलीच वाक्यं, जशीच्या तशी. काय अडलं विचारलं तर "काही नाही". आणि चाचणीत कोरे कागद. पुन्हा मीच सगळं फळ्यावर समजावलं तर यांना सवय लागणार कधी? नेमके उपाय हवेत. "प्रेमाने समजवा" असले सल्ले कृपया नकोत.

पडताळा
कितवी? विषय कोणता? वर्गात किती मुलं?

उंबरठा
पोमोडोरो सुरू करा! २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. फ्रान्सेस्को सिरिलो यांनी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत बसवली. माझा पुतण्या याच्यावरच मार्गाला लागला.

शाईचा_डाग
उंबरठा, मुलं दोन-दोन तास बसतात, पालकच सांगतात. बसण्याचा प्रश्नच नाही.
पडताळा, इयत्तेने काय फरक पडतो? सवय ती सवय.

पडताळा
फरक पडतो हो. इतिहासाचं प्रकरण वाचणं आणि गणिताचं उदाहरण वाचणं यांत बरंच अंतर आहे. सांगा तरी.

शाईचा_डाग
विज्ञान. १४-१५ वर्षांची मुलं, ४२ जण. तास ४० मिनिटांचा. सध्या घनता आणि तरंगणं चालू आहे.

सुटं_पान
ताई, मूळ अडचण वेगळीच आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. आधी प्रश्नावली भरून घ्या, तीन गट पाडा, प्रत्येकाला त्याच्या शैलीचा अभ्यास द्या. मी १९ वर्षं शिकवतेय, अनुभवाने सांगते.

पडताळा
सुटं_पान, अनुभवाचा मान ठेवून असहमत. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं होतं. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच आहे. पण शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. ४२ जणांना तीन प्रकारे शिकवण्याची मेहनत या ताईंनी का करावी?

मी सांगेन, पुस्तक मिटून आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तुमची मुलं दोन तास वाचतात, त्यांना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून "काही अडलं नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीयेत ती.

सुटं_पान
माझ्या वर्गात मुलं फुललेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ते आकड्यांत बसत नाही.

पडताळा
फुलली असतील. एकच गोष्ट तीन प्रकारांनी सगळ्यांनाच दाखवली तर सगळ्यांचाच फायदा होतो. वाद आहे तो मुलांना शिक्के मारण्यावर.

आजीची_पाटी
माझा नातू सहा वर्षांचा आहे, पेन्सिल मुठीत धरतो. त्याला अभ्यासाची गोडी कशी लावावी? मोबाइलने फार नुकसान केलंय हो या पिढीचं.

उंबरठा
आजी, जाड त्रिकोणी पेन्सिल द्या, बोटं आपोआप जागेवर येतात. आणि मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत.

गुणाकार_चिन्ह
आजी, यासाठी नवा धागा काढा ना, तिथे सविस्तर लिहिते.

शाईचा_डाग ताई, एक विचारू? तुम्ही स्वतः नवा मजकूर वाचता तेव्हा डोक्यात काय चालतं, हे मुलांनी कधी पाहिलंय?

शाईचा_डाग
त्यात दाखवायचं काय? वाचायचं, कळलं नाही तर परत वाचायचं.

गुणाकार_चिन्ह
तिथेच गाडी अडलीय असं मला वाटतं. "टिपणं काढा" हे आपण सांगतो, पण चांगला वाचणारा कुठे थांबतो, स्वतःला काय विचारतो, हे बाहेरून दिसत नाही. मुलांना दिसतं ते इतकंच की बाई वाचतात आणि बाईंना कळतं.

मोठ्याने विचार करून दाखवा. तुमचाच विषय घेऊन सांगते. वाक्य आहे, "बर्फ पाण्यावर तरंगतो." फळ्यापाशी उभं राहून म्हणा, "थांबते इथे. मेण वितळवलं तर घट्ट मेण वितळलेल्या मेणात बुडतं. मग बर्फ का बुडत नाही? पुढे उत्तर आहे का बघते. बर्फाची घनता ०.९२, पाण्याची १. म्हणजे तेवढंच पाणी गोठलं की जास्त जागा घेतं. बरोबर ना? आता पुस्तक मिटून माझ्या शब्दांत सांगून बघते. अं, 'जास्त जागा का घेतं' हे मला सांगता येत नाही. हा माझा प्रश्न, हा वहीत." दहा मिनिटं पुरतात. अडखळणं मात्र खरं असू द्या, नाटक मुलांना लगेच कळतं.

मग पुढचा परिच्छेद सगळ्यांनी मिळून. त्यानंतर जोडीने. एकट्याने सगळ्यात शेवटी. वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये अशा मदतीला परांचीची उपमा दिली. बांधकाम उभं राहील तशी ती काढायची असते. तुम्ही ती बांधलीच नाहीत, आणि चार आठवडे मुलांना तिसऱ्या मजल्यावरून हाका मारताय. कडक वाटलं तर माफ करा, मीही हेच केलं होतं, दोन वर्षं.

निळा_खडू
आणि पोर्शन? असं दहा-दहा मिनिटं वाचत बसलं तर वर्ष संपेल. मुलांना छापील नोट्स द्या, मोकळं व्हा.

पडताळा
छापील नोट्स दिल्या की विचार नोट्स काढणाऱ्याचा होतो, मुलांच्या वाट्याला पुन्हा वाचनच. गुणाकार_चिन्ह यांचं पटतंय. त्यात माझं जोडतो, मिटून सांगण्याची पायरी रोज हवीच. तास सुरू होताना कालचं दोन मिनिटं कोऱ्या कागदावर, गुण न देता. गुण आले की मुलं शेजारच्याचं बघून लिहितात.

रानवाटा
४२ जणांत प्रत्येकाचं कोण ऐकणार? पॅलिन्सार आणि ब्राउन यांची १९८४ ची पद्धत मी वापरते. लहान गट, गटात चार कामं : गोषवारा सांगणं, प्रश्न काढणं, न कळलेलं उलगडणं, पुढे काय येईल याचा अंदाज. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुलं आळीपाळीने गट चालवतात. तुमचे चौघांचे ९ आणि तिघांचे २ गट होतील. पण पहिल्याच आठवड्यात नको, गोंगाट होतो नुसता.

शाईचा_डाग
(मंगळवार)
काल बर्फाचंच केलं. सोपं नाही. मी कुठे थांबते हे मला स्वतःलाच सांगता येईना, आदल्या रात्री उताऱ्यात पेन्सिलने खुणा कराव्या लागल्या. मग प्रत्येकाला एक प्रश्न लिहायला सांगितला. ११ जणांनी खरा प्रश्न लिहिला, बाकीच्यांचं पुन्हा "काही नाही". एकाने लिहिलंय, "बर्फ वितळला की भरलेला पेला सांडेल का?" चार आठवड्यांत या मुलाचा आवाज ऐकला नव्हता.

निळा_खडू, पोर्शनची काळजी मलाही आहे. तरी महिनाभर हेच करणार.

आता सांगा, उद्या तोच उतारा पुन्हा घेऊ की नवा?

गुणाकार_चिन्ह
नवा, पण चार-पाच ओळींचाच. त्याआधी कालचा न बघता दोन मिनिटं लिहायला लावा. आणि पेल्याचा प्रश्न त्या मुलालाच फळ्यावर लिहू द्या. उत्तर देऊ नका, पेला आणि बर्फ घेऊन जा.