मतदानाने मॉड सुधारतो की सपाट होतो?

चहाबाज (धागाकर्ता)
इथे व्हॉक्स पॉप्युली खेळणारं कोणी आहे का? सिव्हिलायझेशन ५ (२०१०) या संगणकावरच्या साम्राज्य उभारायच्या खेळाला मुळापासून बदलणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली बदललेली आवृत्ती. त्यातले बदल आता असे ठरतात: कुणीही खेळाडू प्रस्ताव मांडतो, तो कोडमध्ये उतरवायला कोणीतरी पुढे यावं लागतं, मग मतदान. ऐकायला झकास. पण मत देतं कोण? रोज खेळणारे, डेइटी या सर्वांत अवघड पातळीवर एआयला, म्हणजे संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्यांना, लोळवणारे. माझ्यासारखा, मुलं झोपल्यावर शनिवारी दोन तास बसणारा, तिकडे फिरकतही नाही.

याउलट एक्सकॉम या परग्रहवासीयांशी लढायच्या खेळाचा लाँग वॉर हा मॉड बघा. मोहिमेवरून आलेला सैनिक थकतो, त्याला दिवसेंदिवस विश्रांती द्यावी लागते. मतदान घेतलं असतं तर थकव्याला कोणी मत दिलं असतं का? पण त्यामुळेच दुसरी-तिसरी फळी घडवावी लागते आणि तीच खरी मजा. मूळ खेळाचे डिझायनर जेक सॉलोमन यांनीच म्हटलं होतं की आमचा खेळ म्हणजे लाँग वॉरची वीस तासांची शिकवणी. एका चमूने हट्टाने बनवावं आणि ज्याला झेपत नाही त्याने आपल्या संगणकावरची खेळाची फाइल उघडून आकडे बदलावेत, असं माझं मत.

किल्लेदार
असहमत, आणि जरा जोरातच. फाइलमध्ये हात घातलास की तुझ्या तक्रारीची किंमत शून्य. एका छोट्या मॉडला मी वर्षभर हातभार लावलाय. एकाने लिहिलं, 'एआय सैन्यच बनवत नाही.' दोन रात्री त्याचे जतन केलेले डाव तपासले. तिसऱ्या दिवशी साहेब सांगतात, सैन्याचा देखभाल खर्च मी तिप्पट केला होता, तो एआयलाही लागतो होय? प्रत्येकाच्या घरी वेगळा खेळ असेल तर अभिप्राय कशावर घ्यायचा?

रात्रपाळी
किल्लेदारांना +१, पण अर्धाच. मूळ सिव्हिलायझेशन ५ मध्ये प्रजेच्या आनंदाचा हिशेब अख्ख्या साम्राज्याचा एकच. चौथं-पाचवं शहर वसवलं की आकडा लाल. व्हॉक्स पॉप्युलीत तो शहरागणिक झाला: गरिबी, निरक्षरता, कंटाळा वगैरे. कुठल्या शहरात ग्रंथालय हवं ते कळायला लागलं. हे काही नोटपॅडमध्ये आकडा बदलून झालं नसतं. लोकांनी वर्षानुवर्षं कटकट केली, गणित अनेकदा पुन्हा मांडलं गेलं, तेव्हा कुठे जमलं.

मात्र चहाबाजदादा म्हणतात ते मतदारांबद्दल खरं आहे. मी किंग या मधल्या पातळीवर खेळते. बोलायला गेले की पहिला प्रश्न, 'कुठल्या पातळीवर?' उत्तर दिलं की पुढे शांतता.

चहाबाज
बघा! हेच म्हणतोय मी. शिवाय कोड लिहायला माणूस मिळाला तरच प्रस्ताव पुढे जातो. म्हणजे शेवटी सत्ता कोड येणाऱ्याचीच, मग मतदानाचा देखावा कशाला?

किल्लेदार
देखावा नाही, लगाम आहे. नुसतं सुचवायला काय जातंय? जो लिहिणार त्याची रात्र जाते. आणि लाँग वॉरचं उदाहरण तुझ्यावरच उलटतंय. मोहिमा कमी करणारा 'डायनॅमिक वॉर' पर्याय त्या हट्टी चमूनेच खेळात दिलाय. बनवणाऱ्याने दिलेला पर्याय निदान तपासलेला तरी असतो, तुझ्या नोटपॅडचं काय?

रात्रपाळी
खरं सांगा चहाबाजदादा, तुमच्या फाइलमध्ये काय काय बदललंय?

चहाबाज
...बंदुकांचं डॅमेज. थोडं. चुलतभावाचं नाव दिलेला स्नायपर दुसऱ्याच महिन्यात गेला होता हो, वहिनीला काय तोंड दाखवू?

किल्लेदार
😄 पूस ती फाइल. लाँग वॉरची न बदललेली आवृत्ती टाकून एक अख्खा डाव शेवटपर्यंत खेळ, मग थकव्यावर बोलू.

चहाबाज
टाकतो. पण नॉर्मल पातळीवर, आणि डायनॅमिक वॉर चालू ठेवून. भाऊ या वेळी मेडिक.