सर्व्ह-अँड-व्हॉली शिकू पाहणाऱ्या मुलीला कोणते एकतर्फी सामने दाखवू? सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लेक चौदा वर्षांची आहे, सांगलीत टेनिस खेळते, आता जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांनाही जाऊ लागली आहे. दुहेरीत नेटजवळ तिचा हात छान चालतो. एकेरीत मात्र सर्व्हिस केली की बेसलाइनवरच, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरच, थांबते, कारण आजूबाजूला सगळे तेच करतात. गेल्या महिन्यात तिने आपणहून विचारलं, "बाबा, एकेरीतही सर्व्हिसमागे धावत पुढे गेलं तर?" म्हणजेच सर्व्ह-अँड-व्हॉली: सर्व्हिसमागे नेटकडे धावायचं आणि चेंडूचा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. मला हा प्रश्न फार आवडला. तो विझू द्यायचा नाही.

तिच्यासोबत बसून पूर्ण सामने बघायचे आहेत. दोन-तीन मिनिटांचे तुकडे नकोत. त्यांत शेवटचा फटका तेवढा दिसतो, आधीची पावलं कापलेली असतात. आणि सामने एकतर्फी हवेत. चुरशीचा सामना लागला की आमचं दोघांचं सगळं लक्ष गुणफलकावर जातं, खेळ बघायचा राहून जातो. निकालाची धाकधूक नसली की एकच चाल पुन्हा पुन्हा बघता येते.

कोणते सामने, कोणत्या क्रमाने, आणि बघताना तिला काय टिपायला सांगू? उजव्या हाताने खेळते, बॅकहँड दोन हातांचा आहे.

हिरवळ

1984, विम्बल्डनची अंतिम फेरी, मॅकेन्रो विरुद्ध कॉनर्स. 6-1, 6-1, 6-2. दुसरं नाव सुचतच नाही. कॉनर्स म्हणजे त्या काळातला सर्व्हिस परतवण्यातला सर्वांत धोकादायक खेळाडू. दोनच वर्षांपूर्वी याच कोर्टवर त्याने मॅकेन्रोला पाच सेटमध्ये हरवून विजेतेपद नेलं होतं. त्याला या वेळी संपूर्ण सामन्यात चार गेम मिळाले. जेमतेम ऐंशी मिनिटांत सगळं आटोपलं.

मी हा सामना निदान पाच वेळा पाहिला असेन. दर वेळी कॉनर्सकडे बघून वाटतं की हा माणूस वाईट खेळत नाहीये. तो चांगला फटका मारतो आणि मान वर करून बघतो तर मॅकेन्रो आधीच तिथे उभा.

कोयनाकाठ

हिरवळ यांच्याशी सहमत. पण त्याला जोडूनच त्याआधी चार आठवड्यांचा सामनाही मुलीला सांगा. पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत हाच मॅकेन्रो लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून बसला होता आणि 3-6, 2-6, 6-4, 7-5, 7-5 असा हरला. माणूस तोच, वर्ष तेच, कोर्ट मात्र गवताऐवजी लाल मातीचं, जिथे चेंडू संथ येतो. त्या वर्षी तो 82 सामने जिंकला आणि फक्त 3 हरला, त्यातला हा एक. दुसरा सिनसिनाटीत आपल्या विजय अमृतराजने हरवला तो. विजयही सर्व्हिसमागे नेटकडे जाणाराच.

सेंटरस्ट्रॅप

1984 चा सामना महान आहे, पण मी तिला तो आधी दाखवणार नाही. मॅकेन्रोची सर्व्हिस कुणाला उचलता येत नाही. नेटकडे जवळजवळ पाठ करून उभं राहायचं आणि डाव्या हाताने वळवून चेंडू कोर्टाबाहेर पळवायचा, हे त्याचं त्यालाच जमायचं. उजव्या हाताच्या मुलीने त्यातून नेमकं काय घ्यायचं?

तिला आधी 1991 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी दाखवा. स्टीफन एडबर्ग विरुद्ध जिम कुरियर, 6-2, 6-4, 6-0. एडबर्ग उजव्या हाताचा. कोर्ट हार्ड, म्हणजे तुमच्या मुलीला स्पर्धांमध्ये मिळतं तशा जातीचं. आणि समोर कुरियर, त्याच वर्षीचा फ्रेंच विजेता, ज्याच्या फोरहँडशी बेसलाइनवरून झुंजायचं म्हणजे आपणच खड्ड्यात उडी घेणं. उपांत्य फेरीत त्याने कॉनर्सला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं होतं. अशा खेळाडूला शेवटच्या सेटमध्ये एक गेम मिळाला नाही.

बघायचं काय ते सांगतो. पहिला सेट तिला नुसता बघू दे. दुसऱ्या सेटपासून सांगा की चेंडूकडे बघू नकोस, एडबर्गच्या पायांकडे बघ.

बेसलाइनपासून सर्व्हिस लाइन 18 फूट, तिथून नेट 21 फूट. सर्व्हिस करून निघालेल्याला परतीचा चेंडू यायच्या आत ते 18 फूट तरी काटायचे असतात. इथे बहुतेक मुलं चुकतात. त्यांना वाटतं, पुढे जायचं तर सर्व्हिस जोरात हवी. जोरात मारलेली सर्व्हिस परत आली तर तितक्याच लवकर परत येते, आणि धावणारा मधल्या पट्ट्यात सापडतो, चेंडू थेट बुटांपाशी. एडबर्ग किक सर्व्हिस करायचा. चेंडू हवेत थोडा जास्त वेळ राहतो, टप्पा पडला की उसळून समोरच्याच्या खांद्यापर्यंत चढतो. खांद्याच्या उंचीवरचा बॅकहँड जोरात मारणं कुणालाही जड जातं. तेवढ्या अवधीत एडबर्ग सर्व्हिस लाइनपाशी पोचलेला असतो. वेग सोडून वेळ मिळवायचा, एवढाच हिशोब.

आणि मग तो थांबतो. कुरियरची रॅकेट चेंडूला लागणार, नेमक्या त्या वेळी छोटीशी उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकवतो. यालाच स्प्लिट स्टेप म्हणतात. तो कुठवर पोचला आहे याला महत्त्व नाही. एक पाऊल मागे राहिला असला तरी थांबतोच, कारण धावत्या अंगाला दिशा बदलता येत नाही. मी मुलांना शिकवतो तेव्हा निम्मा वेळ या एका उडीवर जातो. व्हॉली नंतर.

पहिली व्हॉली तो बहुतेक वेळा खोल टाकतो, समोरच्याच्या बेसलाइनजवळ, आणि चेंडू गेला त्याच बाजूला दोन पावलं सरकून पुढे जातो. समोरच्याला आता पळत जाऊन, खालून उचलून, अरुंद फटीतून चेंडू काढायचा आहे. गुण मिळतो तो दुसऱ्या व्हॉलीवर. मुलीला कागद-पेन्सिल द्या आणि पहिली व्हॉली कुठे पडली एवढंच टिपायला सांगा. तिसऱ्या सेटपर्यंत तिलाच कळेल की कुरियर का थकला.

बेसलाइनचा

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, कृष्णाकाठ, आणि ते मनापासून सांगतो. माझा मुलगा याच वाटेने गेला होता. आम्हीही त्याला असेच दिग्विजयी सामने दाखवले. पहिल्या स्पर्धेत तो नेटकडे धावला आणि दहा-बारा वेळा बाजूने चेंडू निघून गेला. त्याला वाटलं आपल्यात खोट आहे, कारण त्याने पाहिलेल्या सामन्यांत असं घडतच नव्हतं. महिनाभरात त्याने ते सोडून दिलं.

म्हणून एक तरी असा सामना दाखवा ज्यात नेटकडे जाणारा सारखा मार खातो आणि तरी जात राहतो. 2001 च्या विम्बल्डनची चौथी फेरी, सँप्रस विरुद्ध एकोणीस वर्षांचा फेडरर. 7-6, 5-7, 6-4, 6-7, 7-5. दोघेही सर्व्हिसमागे नेटकडे. विम्बल्डनवर ओळीने 31 सामने जिंकलेला सँप्रस त्या दिवशी हरला.

आणखी एक. त्याच वर्षापासून विम्बल्डनने शुद्ध रायगवत पेरायला सुरुवात केली. आधी त्यात 30 टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं. जमीन घट्ट झाली, चेंडू वर उसळू लागला, मागे उभ्या असलेल्याला फटका मारणं सोपं झालं. पुढच्याच वर्षीची ह्युईट-नालबंदियान अंतिम फेरी जवळजवळ सगळी बेसलाइनवरून खेळली गेली. त्यात रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आल्या. बाजूने जाणारा फटका जोरात मारूनही फिरकीमुळे कोर्टात पडू लागला. जुन्या सामन्यांत जे सोपं दिसतं ते आता सोपं नाही, हे मुलीला माहीत असू दे.

सेंटरस्ट्रॅप

बेसलाइनचा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मानतो. एडबर्ग 1991 च्या आदल्या वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत अव्वल मानांकित होता आणि पहिल्याच फेरीत वोल्कोव्हकडून हरला होता. अंतिम सामना दाखवण्याआधी हे वाक्य मुलीला जरूर सांगा. शिवाय चौदाव्या वर्षी दहातले चार गुण नेटवर गमावले तरी सहा मिळालेले असतात, हे पालकांनी आधी पाठ करायचं.

अपराजिता

इतके प्रतिसाद आले आणि एकाही बाईचं नाव नाही? मुलगी आहे ना खेळणारी?

मार्टिना नवरातिलोवा, विम्बल्डन 1983, अंतिम फेरी, समोर अठरा वर्षांची अँड्रिया येगर. 6-0, 6-3, चोपन्न मिनिटं. येगर कच्ची नव्हती. उपांत्य फेरीत तिने विम्बल्डनची माजी विजेती बिली जीन किंग हिला 6-1, 6-1 असं हरवलं होतं. त्या वर्षी मार्टिना 87 सामने खेळली आणि एकच हरली.

ती सर्व्हिस करून पुढे जातेच, पण समोरचीची दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावरची, हळू) आली की चेंडू कापून खोल टाकते आणि त्याच्या मागोमाग नेटवर हजर. येगरला स्वतःच्या सर्व्हिसवरही श्वास घ्यायला जागा उरत नाही. हे तुमच्या लेकीला सर्व्हिसपेक्षा लवकर जमेल, कारण किक सर्व्हिसला खांदा आणि पाठ तयार व्हावी लागते. चौदाव्या वर्षी ती घाईने शिकवू नका. तोवर रिटर्न कापून पुढे जायची सवय लावा.

मी लहानपणी ठाण्यात खेळायचे तेव्हा मुलींनी नेटकडे जायचं नाही असं सरळ सांगितलं जायचं. त्यामुळे हा सामना मला कुठल्याही पुरुषांच्या सामन्यापेक्षा जवळचा आहे.

हिरवळ

+1. हा सामना मी विसरलो कसा.

पूर्वा_बालेवाडी

आत्ताचं एक सुचवते, म्हणजे मुलीला हे सगळं आजोबांच्या काळातलं वाटायला नको. विम्बल्डन 2023, उपांत्य फेरी, अल्काराझ विरुद्ध मेदवेदेव. 6-3, 6-3, 6-3. मेदवेदेव सर्व्हिस घ्यायला इतका मागे उभा राहतो की जवळजवळ लाइनमनच्या मांडीवर. तिथून मारलेला चेंडू नेटपर्यंत यायला वेळ लागतो. अल्काराझने नेमकं तेच हेरलं आणि सर्व्हिस करून पुढे येत राहिला. त्याच वर्षी इंडियन वेल्सच्या अंतिम फेरीतही त्याने मेदवेदेवला 6-3, 6-2 असं हरवलं होतं. आज नेटकडे जायचं ते समोरचा कुठे उभा आहे हे बघून. हे डोळे तिला या सामन्यातून मिळतील.

आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष कोर्टाजवळ बसून दुहेरी दाखवा. 2020 मध्ये लिएंडर पेस बालेवाडीत महाराष्ट्र ओपनमध्ये खेळला तेव्हा मी अगदी खाली बसले होते. वय सेहेचाळीस, आणि नेटजवळची ती उडी दर वेळी बरोबर त्याच क्षणी. टीव्हीवर कॅमेरा वरून असतो, त्यात पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज येत नाही. याच पेसने 1998 मध्ये न्यू हेवनला सँप्रसला 6-3, 6-4 असं हरवलं होतं, हेही तिला सांगा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी एडबर्ग-कुरियर पूर्ण पाहिला, काल रात्री मार्टिना. लेकीने खरंच वही घेऊन पहिल्या व्हॉली टिपल्या. दुसऱ्या सेटच्या मध्यावर म्हणाली, "बाबा, हा व्हॉलीला रॅकेट मागे नेतच नाही." मी इतकी वर्षं टेनिस बघतोय, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

बेसलाइनचा, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने तुमच्या मुलाचं वय विचारलं.

एक शंका राहिली. बॅकहँड दोन हातांचा आहे. व्हॉलीही दोन हातांनीच मारते. बदलावी का?

सेंटरस्ट्रॅप

बॅकहँड राहू दे. एडबर्गही लहानपणी दोन हातांनीच मारायचा, पुढे एका हातावर आला, पण तुमच्या मुलीला त्याची गरज नाही. 2017 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत अव्वल क्रमांकाच्या मरेला चौथ्या फेरीत सर्व्ह-अँड-व्हॉली खेळून हरवणाऱ्या मिशा झ्वेरेवचा बॅकहँड दोन हातांचाच आहे.

व्हॉली मात्र हळूहळू एका हातावर आणा. दोन हातांनी पोच कमी पडते, आणि अंगावर आलेल्या चेंडूला हात अडकतात. कॉन्टिनेन्टल ग्रिप, हातोडी धरावी तशी, आणि फोरहँड-बॅकहँड दोन्हीकडे तीच. नेटजवळ ग्रिप बदलायला वेळ नसतो. सुरुवातीला मनगट दुखेल. रोज दहा मिनिटं भिंतीपासून सहा-सात फुटांवर उभं राहून चेंडू खाली पडू न देता परतवायचा. रॅकेट मागे न नेण्याचं तिने स्वतःच पाहिलं आहे, त्यामुळे ते सांगावं लागणार नाही.

बेसलाइनचा

मुलगा आता सतराचा आहे. दर शनिवारी मिरजेत खेळतो. तुमची हरकत नसेल तर एखाद्या शनिवारी दोघांना समोरासमोर खेळवू. तो बेसलाइनवर, ती नेटवर. तिला बाजूने जाणारे चेंडू भरपूर मिळतील, याची खात्री देतो.

कृष्णाकाठ

याच शनिवारी येतो. सकाळी सात चालेल का?