रूमी वाचताना आपण नेमके कोणाला वाचतो?

नीरक्षीर

तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी जलालुद्दीन रूमी आज बहुसंख्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचतो तो कोलमन बार्क्स या अमेरिकी कवीच्या इंग्रजीतून, आणि समाजमाध्यमांवर त्याच्या नावाने फिरणाऱ्या मराठी ओळीही बहुधा त्याच इंग्रजीवरून केलेल्या असतात. बार्क्स यांना फारसी येत नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलेली नाही. १९७६ साली अमेरिकी कवी रॉबर्ट ब्लाय यांनी फारसीचे इंग्रज अभ्यासक आर्बेरी यांचे रूमीचे अभ्यासपूर्ण भाषांतर त्यांच्या हाती दिले आणि या कवितांना पिंजऱ्यातून सोडवायला सांगितले. त्या कामातूनच पुढे १९९५चे ‘द इसेन्शियल रूमी’ आले आणि अमाप खपले. माझे म्हणणे असे की, या कविता जरूर वाचाव्यात, पण त्यांना भाषांतर म्हणू नये, आणि त्यांच्यावरून केलेल्या मराठी रचनांवर एकट्या रूमीचे नाव घालू नये.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. रूमीच्या नावावरील एका फारसी रुबाईचा, म्हणजे चार ओळींच्या कवितेचा, आशय असा आहे : कुफ्र (धर्माचा नकार) आणि इस्लाम यांच्या पलीकडे एक उजाड माळ आहे, त्या विस्ताराच्या मध्याची आम्हाला ओढ आहे, आरिफ (ईश्वराला ओळखणारा ज्ञानी) तिथे पोहोचला की मस्तक टेकवतो, तिथे ना कुफ्र, ना इस्लाम, ना कुठली जागा. बार्क्स यांच्या इंग्रजीत कुफ्र आणि इस्लाम जाऊन चूक आणि बरोबर यांच्या कल्पना येतात, आणि मस्तक टेकवणाऱ्या आरिफाआधी ‘मी तुला तिथे भेटेन’ असे एक वचन येते, जे मुळात नाहीच. आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यामध्ये धर्मशास्त्र शिकवणारा, वडिलांकडून ती गादी मिळालेला तेराव्या शतकातला आलिम, म्हणजे धर्मपंडित, जेव्हा इस्लामच्याही पलीकडचे बोलतो, तेव्हा त्या बोलण्यामागे त्याचे सारे आयुष्य पणाला लागलेले असते. त्याच्याच नावावरची दुसरी एक रुबाई सांगते की, जिवात जीव असेपर्यंत मी कुराणाचा सेवक आहे. ही दोन विधाने एकाच माणसाच्या तोंडी कशी शोभतात, हाच रूमी समजून घेण्यातला खरा प्रश्न आहे, आणि इस्लाम वगळला की तो प्रश्नच उरत नाही.

पैलतीर

आपला युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण मला तो मान्य नाही. इंग्रज अभ्यासक निकल्सन यांनी मसनवीची, म्हणजे रूमीच्या दीर्घ कथाकाव्याची, सहाही दफ्तरे (भाग), म्हणजे सुमारे २५,००० द्विपदी, संपादित करून इंग्रजीत आणले. १९२५ ते १९४० या काळात त्यांचे आठ खंड निघाले. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, पण अभ्यासकांव्यतिरिक्त ते किती जणांनी वाचले? शिवाय ज्या गोष्टी त्यांना अश्लील वाटल्या, त्या त्यांनी इंग्रजीऐवजी लॅटिनमध्ये घातल्या. म्हणजे झाकपाक केवळ लोकप्रिय कवीच करतात असे नाही. उलट, मूसा आणि मेंढपाळाची कथा बार्क्स यांनीही घेतली आहे : मेंढपाळ ईश्वराचे केस विंचरायला आणि जोडे शिवायला निघतो, मूसा त्याला झिडकारतो, आणि ईश्वर मूसालाच सुनावतो की तुला जोडायला पाठवले होते, तोडायला नव्हे. या कथेतला पैगंबर त्यांनी पुसून टाकलेला नाही.

आणि आपण मराठी माणसांनी तरी मुळाबरहुकूमपणाचा इतका आग्रह धरावा का? गीतेचे ७०० श्लोक, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. ते शब्दाला शब्द नाही, म्हणून आपण ते दूर ठेवले का?

नीरक्षीर

ज्ञानेश्वरीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. ज्ञानदेवांना संस्कृत येत होते, श्लोक समोर ठेवून त्यांनी त्याचा विस्तार केला, आणि आपण गीतेवर भाष्य करतो आहोत हे ते श्रोत्यांना ठायी ठायी सांगतात. त्यांनी भर घातली. गीतेतून कृष्ण काढून टाकला नाही. निकल्सन यांच्या लॅटिनचे समर्थन मी करणार नाही, पण लॅटिन जाणणाऱ्याला तो मजकूर त्याच पानावर सापडतो.

दिवेलागण

इथे एक भेद करायला हवा. अमेरिकी कवी डॅनिएल लॅडिन्स्की यांनी फारसी कवी हाफिजच्या नावाने ज्या इंग्रजी कविता प्रसिद्ध केल्या, त्यांना हाफिजच्या दीवानात (काव्यसंग्रहात) मूळच सापडत नाही. बार्क्स यांच्या कवितेमागे निदान एक खरी फारसी रचना असते आणि जिज्ञासूला ती शोधता येते. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. नीरक्षीर यांनी तसे केलेले नाही, पण अशा चर्चांमध्ये ते नेहमी होते, म्हणून लिहिले.

मंद्र

मराठीत हा प्रश्न एकाने फार पूर्वी नीट सोडवून ठेवला आहे, त्याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचे मला वाईट वाटते. कवी माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ सालचा आहे. फारसी कवी उमर खय्याम त्यांनी थेट फारसीतून मराठीत आणला, आणि इंग्रज कवी फिट्झजेराल्डने इंग्रजीत आणलेल्या खय्यामाचा मराठी अवतार ‘द्राक्षकन्या’ या वेगळ्या नावाने वेगळा ठेवला. कोणता खय्याम कोणाच्या हातून आला, हे वाचकाला त्यामुळे कळत होते. रूमीच्या बाबतीत हेच करायला कोणती अडचण आहे?

दुसरे असे की, या चर्चेत सगळा भर आशयावर आहे आणि रूपाविषयी कोणी बोलत नाही. रूमीचा गुरुमित्र शम्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूमीच्या दीवानातल्या गझलांमध्ये वृत्त आहे, काफिया (यमक) आहे, पुष्कळदा रदीफही (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) आहे, आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊन जी धुंदी चढते, ती मुक्तछंदात उतरत नाही. मराठी वाचकाला सुरेश भटांमुळे रदीफ ओळखीचा आहे. साकी, पीर, मुर्शिद हे शब्द त्याला परके नाहीत. इंग्रजीपेक्षा मराठी फारसीच्या कितीतरी जवळ उभी असताना आपण अमेरिकेला वळसा घालून कोन्याला जातो, हे मला खरोखर खटकते.

पैलतीर

मंद्र यांची सूचना मी मनापासून स्वीकारतो : मराठी पुस्तकावर ‘बार्क्स यांच्या इंग्रजीवरून’ असे स्पष्ट छापावे. पण जो वाचक फारसी शिकणार नाही, त्याने थांबून राहावे हे मला पटत नाही. मसनवी रूमी तोंडाने सांगत गेला आणि त्याचा शिष्य हुसामुद्दीन चलबी लिहीत गेला. ऐकणाऱ्याला त्याच क्षणी भिडावी म्हणून ती सांगितली गेली होती. जावेद मोजद्देदी यांनी २००४पासून फारसीवरून केलेले यमकबद्ध भाषांतर मी वाचतो आहे, आणि ते अधिक विश्वसनीय आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही मसनवीच्या आरंभीचा नैचा (वेळूच्या बासरीचा) विलाप मी मोठ्याने वाचायला घेतो, तेव्हा बार्क्स यांचेच पुस्तक उघडतो, आणि त्यात काही गैर आहे असे मला या चर्चेनंतरही वाटत नाही.