दाताच्या छोट्या दवाखान्यात नोंदवही हवी की नको?

राजारामपुरीकर
पंधरा दिवसांपूर्वी वडिलांना दाढ काढायला घेऊन गेलो होतो. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. डॉक्टरांचा हात चांगला आहे, दाढ अलगद निघाली. पण बाकावरून आतलं सगळं दिसत होतं. आधीच्या बाईंचं काम झालं, असिस्टंट मुलीनं एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हातातलं यंत्र, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, परत अडकवला आणि म्हणाली, "पुढचे या." हातात तेच ग्लोव्हज. त्याच हातानं तिनं फोन घेतला, ड्रॉवर उघडला. वडिलांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. कुणी विचारलं नाही, मीच सांगितलं तेव्हा डॉक्टर थांबले.
माझं मत असं की, एका खुर्चीचा दवाखाना असला तरी ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राची) रोजची नोंद, पेशंटचे आजार आणि गोळ्या विचारणारा एक कागद, आणि या दोन्हींची जबाबदारी असलेला एक माणूस ठरलेला हवा. पेशंटनं मागितली तर वही दाखवली पाहिजे.

दंतवैद्य, मंगळवार पेठ
एअरोटर नुसता पुसून दुसऱ्याच्या तोंडात घालणं चूकच आहे. तो प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये गेलाच पाहिजे. आजार न विचारणं त्याहून वाईट. यावर वाद नाही.
पण वहीला माझा विरोध आहे. आमच्याकडं कागद कमी आहेत का? डेंटल कौन्सिलची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी, एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडं नोंदणी. त्यात अजून एक वही आली की संध्याकाळी बसून महिनाभराच्या सह्या एकदम ठोकल्या जातील. वहीनं जंतू मरत नाहीत राव. 134 अंशांना तीन-चार मिनिटं पुरतात, पण तापायचा आणि वाळायचा वेळ धरला तर एक फेरी अर्ध्या-पाऊण तासाची होते. संध्याकाळच्या गर्दीला त्यासाठी जादा एअरोटर लागतात. पैसे वहीवर नाही, तिथं घालावेत.

शिरोलीचा फौंड्रीवाला
डॉक्टर, आमच्या भट्टीजवळपण वही असते. वहीनं लोखंड वितळत नाही, बरोबर आहे तुमचं. पण कास्टिंग रिजेक्ट होऊन आलं की ते कुठल्या हीटचं (वितळवलेल्या लोखंडाच्या खेपेचं), त्या दिवशी तापमान किती होतं, कुणाची पाळी होती हे तिथंच कळतं. वही नसती तर सगळा माल संशयाखाली गेला असता.
तुमच्या ऑटोक्लेव्हच्या दाराचं रबर, गॅस्केट, झिजलं किंवा आत हवा अडकली तर? काट्यावर दाब बरोबर दिसेल, आतलं तापमान तेवढं नसेल. वाफेत हवा मिसळली की असं होतं, आमच्याकडच्या बॉयलरवाल्याला विचारा. हत्यारं ज्या पाऊचमध्ये बंद करून आत ठेवता, त्याची पट्टी रंग बदलते ती वाफ तिथंवर पोचली म्हणून. जंतू मेले का, हे स्पोअर टेस्टच सांगते, म्हणजे चिवट जंतू मुद्दाम आत ठेवून ते मरतात का बघायची चाचणी. ती तुम्ही शेवटची कधी केली? तारीख आठवणीनं सांगू नका, लिहिलेली दाखवा.

गडहिंग्लजची ताई
मला दुसरीच भीती वाटते. हे सगळं केलं की फी वाढणार. आमच्याकडं मिसरी लावणाऱ्या बायका दाढ दुखली तरी सहा महिने मेडिकलमधली गोळी खाऊन काढतात. आधीच दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 100 रुपये वाढले तरी त्या मागं फिरतील. स्वच्छता पाहिजेच, पण ती कुणाच्या खिशातनं हेही सांगा की.

राजारामपुरीकर
ताई, तुमचं पटतं. पण "कोणत्या गोळ्या चालू आहेत, साखर आहे का, इंजेक्शनची कधी रिअ‍ॅक्शन आली होती का" हे विचारायला पैसे लागत नाहीत. ग्लोव्हज काढून मगच फोन घ्यायलाही नाहीत. गरिबाला स्वस्त दवाखाना हवा म्हणून त्यानं दुसऱ्याचं रक्त लागलेलं हत्यार तोंडात घ्यावं, हे मला मान्य नाही.

पूर्वी असिस्टंट होते
सहा वर्षं हे काम केलंय म्हणून बोलते. वही आली की ती लिहायची आम्हीच. आणि चुकलं की बोलणी खायची आम्हीच. त्या मुलीनं एअरोटर पुसला, ते सगळ्यांना दिसलं. तिला दोन पेशंटच्या मध्ये किती मिनिटं मिळतात ते कुणी बघितलं? हत्यारं आधी घासून धुवायची असतात. रक्त वाळलेलं असलं तर ऑटोक्लेव्ह करूनही उपयोग नाही. घासायला मला पातळ ग्लोव्हज द्यायचे, त्यातनं स्केलरचं, म्हणजे दात खरवडायच्या हत्याराचं, टोक बोटात गेलं होतं. त्या दिवसापर्यंत हिपॅटायटिस बी ची लस मला कुणी दिली नव्हती. मग सरकारी दवाखान्यात धावले. सुईला दोन्ही हातांनी टोपण परत लावू नये, हेही मला तिथल्या सिस्टरांनी सांगितलं, माझ्या डॉक्टरांनी नाही.
वहीला माझा विरोध नाही. पण अपॉइंटमेंट पंधरा-पंधरा मिनिटांच्या लावून वर वही दिलीत तर ती खोटीच भरली जाणार.

दंतवैद्य, मंगळवार पेठ
असिस्टंट ताईंचं वाचून थांबलो. एक गोष्ट सांगतो. 2019 च्या पुरात कोल्हापूर शहराचं पाणी बंद झालं, तेव्हा माझाही दवाखाना बंद होता. उघडला त्या दिवशी चेअर सुरू केली तर पेशंटच्या तोंडात पाणी सोडणाऱ्या नळीतनं वास आला. चेअरला पाणी पुरवणाऱ्या बाटलीतलं पाणी तसंच साचून राहिलं होतं. नळ्यांच्या आत जंतूंचा थर धरतो. बाटली रिकामी करून कोरडी ठेवायची, सुरू करताना औषध घालून नळ्या धुवायच्या आणि रोज सकाळी दोन मिनिटं पाणी सोडायचं, हे मला माहीत होतं. पण बंद करताना दवाखान्यात मी नव्हतो, आणि असिस्टंट नवीन होती. लिहिलेलं कुठंच नव्हतं.
म्हणून एवढं मान्य करतो: आठवड्याची स्पोअर टेस्ट, नळ्यांचं पाणी आणि सुट्टीआधी काय बंद करायचं, याची एक वही ठेवीन. सही माझी राहील, असिस्टंटची नाही. पेशंटला वही दाखवायला मात्र अजून तयार नाही. त्यापेक्षा पाऊच त्यांच्यासमोर फोडतो, पट्टी त्यांनी बघावी.

राजारामपुरीकर
पाऊच समोर फोडणं चांगलंच. पण स्पोअर टेस्ट पाऊचवर दिसत नाही डॉक्टर. वहीचा माझा हट्ट कायम आहे.

पूर्वी असिस्टंट होते
डॉक्टर, तुमच्या आत्ताच्या मुलीचे लसीचे तिन्ही डोस झालेत का?

दंतवैद्य, मंगळवार पेठ
आत्ता तिला विचारलं. दोन झालेत. तिसरा सहाव्या महिन्यात होता, तो राहिलाय. उद्या दुपारी दवाखाना बंद ठेवून तिला घेऊन जातो.